वाचकांचे प्रश्न : बाबांच्या जुन्या मर्सिडीजला सीट कुठल्या बसवू?

या महिन्यात जुन्या गाड्यांच्या सीटबद्दल बरीच पत्रं आली. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्यात जे विचारलंय ते बाकीच्यांनाही लागू आहे. बाकीची उत्तरं त्यामानाने छोटी आहेत.

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्याकडे बाबांची १९९६ ची मर्सिडीज ई२२० आहे, डब्ल्यू१२४ (कंपनीचं त्या पिढीच्या मॉडेलचं नाव), एमएच ०४ पासिंग. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांची कंबर दुखते, तरी रविवारी सकाळी उपवनपर्यंत एक फेरी ते स्वतः चालवत मारतातच. ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलीय, वरचं लेदर फाटलंय, मागच्या सीटची शिवण उसवलीय. घोडबंदर रोडच्या एका सीटवाल्याने सांगितलं की हे सगळं काढून टाका, मी स्कोडा सुपर्बच्या इलेक्ट्रिक सीट बसवून देतो, बेस वेल्ड करून. दुसरा म्हणतो डब्ल्यू२१० च्या सीट कुर्ल्यात मिळतील, मर्सिडीजच्याच आहेत, बसतील. तिसरा म्हणतो फोम नवा टाकतो आणि वर डायमंड शिलाईचं कव्हर, ६५ हजार. बाबा म्हणतात काहीच बदलू नका. मी काय करू? - एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : दादा, आधी एक सांगतो, बाबांचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे. पण "काहीच बदलू नका" म्हणजे बसलेल्या सीटवर बसत राहायचं असं नाही, कारण कंबर त्यांची आहे आणि वाकड्या सीटवर अर्धा तास बसलं की धडधाकट माणसाची पण कंबर धरते.

मुळात तुमची सीट आतून कशी आहे ते समजून घ्या. हल्लीच्या गाड्यांत साच्यातून काढलेला फोमचा एक जाड ठोकळा असतो आणि खाली थोडी तार किंवा जाळी. त्या काळच्या मर्सिडीज सीट तशा नाहीत. खाली स्टीलची फ्रेम, त्यात स्प्रिंगांचा गाभा, त्यावर जाड कापड, त्यावर पॅड आणि मग वरचं कव्हर. जुन्या जर्मन गाड्यांत हा पॅड रबर मारलेल्या केसांचा पण असायचा, हातात घेतला तर आपल्याकडच्या काथ्याच्या गादीसारखा लागतो. अशी सीट पहिल्यांदा बसल्यावर कडक वाटते, लोक शोरूममध्ये बसून म्हणायचे की एवढी महाग गाडी आणि सीट बाकड्यासारखी, पण तीच सीट ठाण्याहून निघून साताऱ्याला उतरल्यावर कळते, अंग मोकळं असतं. हा गुण त्या स्प्रिंग आणि पॅडचा आहे, लेदरचा नाही. त्यामुळे सीट निवडताना सगळे रंग आणि शिलाईपासून सुरुवात करतात तिथेच गोंधळ होतो, सुरुवात खालून करायची.

आता घरीच एक तपासणी करा, सीटवाल्याकडे जायच्या आधी. ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे घ्या, गाडीच्या बाहेर उभं राहून समोरून बघा, सीटची वरची कड आडवी आहे की दरवाज्याकडे कललीय. आपल्या गाड्यांमध्ये ड्रायव्हर उजवीकडून आत सरकतो, सगळं वजन आधी उजव्या कडेवर पडतं, म्हणून उजवी बाजूच आधी बसते, मला खात्री आहे की तुमची पण तीच बसली असेल. टेपने जमिनीपासून डावी आणि उजवी उंची मोजा. मग सीटखाली हात घाला, हळू, कारण तुटलेली स्प्रिंग हात कापते, आणि उजव्या कडेची स्प्रिंग चाचपा. तुटलेली असेल तर टोक लोंबकळत असतं. कार्पेटवर पिवळट भुगा पडलेला दिसला तर तो पॅडचा चुरा आहे. एवढं बघितलं की ९० टक्के निदान झालं, आणि बहुतेक वेळा असं निघतं की फ्रेम ठणठणीत आहे, सीट ज्यावर पुढेमागे सरकते ते रेल मोकळे आहेत, पाठ मागेपुढे होते, फक्त खालच्या कुशनची एक बाजू गेलीय. म्हणजे अख्ख्या सीट बदलायचं कारणच नाही.

सुपर्बच्या सीटबद्दल माझं सरळ मत, नको. आणि हे मी हौसेखातर म्हणत नाहीये. तुमच्या गाडीत पुढच्या सीटबेल्टचं बक्कल सीटलाच जोडलेलं आहे. म्हणजे अपघातात बेल्टला जो झटका बसतो तो बक्कलातून सीटच्या फ्रेमवर, तिथून रेलवर आणि रेलच्या बोल्टवर जातो. त्या मधे कुणीतरी गॅरेजमध्ये पट्टी वेल्ड करून बेस बनवला की तुमच्या बाबांचा बेल्ट त्या वेल्डिंगवर उभा राहिला. वेल्डिंग बाहेरून गुळगुळीत दिसतं, आत किती धरलंय ते कुणालाच दिसत नाही. शिवाय उंची बदलते. १ इंच जरी वर बसलात तरी छत जवळ येतं, स्टिअरिंग मांडीला लागतं, पाय पेडलवर वेगळ्या कोनात पडतो, आणि कंबरदुखीवाल्या माणसाला नेमकं तेच सोसत नाही.

डब्ल्यू२१० वाला पण तसाच मुद्दा. मर्सिडीज मर्सिडीज सारखी असं नसतं, ती पुढची पिढी आहे, फ्लोअर वेगळा, रेल वेगळे, आणि पॅसेंजर सीटमध्ये माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो ज्याचं तुमच्या गाडीला काही कामच नाही. "बसतील" या शब्दाचा अर्थ बाजारात "बसवू" असा असतो, हे लक्षात ठेवा.

सीट बदलायचीच वेळ आली, म्हणजे फ्रेमच सडलीय किंवा वाकलीय, तर डब्ल्यू१२४ चीच सीट शोधा, आणि त्यातही चार दरवाज्यांच्या गाडीची. दोन दरवाज्यांच्या कूपेची पुढची सीट वेगळी असते, मागे बसायला जागा मिळावी म्हणून तिची पाठ पुढे पडते. बाहेरून, म्हणजे दुबई किंवा जर्मनीतून मागवणार असाल तर अजून एक भानगड. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तिकडची ड्रायव्हर सीट आपल्याकडे पॅसेंजरच्या जागी येते, उंची कमीजास्त करायची सोय, लिव्हर, सगळं चुकीच्या माणसाला मिळतं. इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, साउथ आफ्रिका इथली स्टिअरिंग आपल्यासारखी उजवीकडे, तिकडचं बघा. इलेक्ट्रिक सीट मिळाली म्हणून खूश होऊ नका, या मर्सिडीजमध्ये सीटची बटणं सीटवर नसतात, दरवाज्यावर असतात, ती छोट्या सीटच्या आकाराची बटणं तुम्ही पाहिली असतील. म्हणजे सीट आणली तरी बटणं, दरवाज्याचं पॅनल आणि वायरिंग हे सगळं मागून आणावं लागतं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाणार असाल तर जरूर जा, जुन्या गाड्यांचं सामान तिथे आजही मिळतं, पण दिवसा उजेडी जा आणि सीट उलटी करून बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मुंबई-ठाण्यात किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्यानंतरही दर दोन-चार वर्षांनी पाणी भरतंच. त्या गाड्यांच्या सीट पुसून चकाचक करून विकल्या जातात. रेलच्या खोबणीत बघा, बारीक वाळलेला गाळ तिथून कुणी काढत नाही. स्प्रिंगवर लाल गंज, खालच्या कापडावर पाण्याची रेघ आणि उन्हात ठेवल्यावर येणारा कुबट वास, यातलं एक जरी दिसलं तरी परत ठेवून द्या.

आता तुमच्या केसमध्ये मी काय करेन ते सांगतो. फ्रेम ठेवायची. सीट काढायची, चार बोल्ट असतात, ते काम सीटवाल्याकडे तुमच्या डोळ्यासमोर करून घ्या. कव्हर उसवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तुटलेल्या स्प्रिंग बदलायच्या किंवा जोडायच्या, गंज घासून प्रायमर मारायचा, स्प्रिंगवर नवं जाड किंतान घालायचं म्हणजे स्प्रिंग पॅडला खात नाही, आणि मग पॅड. पॅडसाठी पहिला पर्याय ओरिजिनल. मर्सिडीजचा क्लासिक म्हणून वेगळा विभागच आहे जर्मनीत, जुन्या गाड्यांचे पार्ट ते पुरवतात, तुमच्या गाडीचा चासी नंबर घेऊन डीलरच्या पार्ट काउंटरला जा आणि ड्रायव्हर सीटच्या खालच्या पॅडचा पार्ट नंबर काढून विचारा. महाग पडेल, पण एकच पॅड लागणार आहे, चार नाही. नाही मिळाला तर आपल्याकडे रबराइज्ड कॉयर मिळतो, गाद्यांमध्ये वापरतात तोच, त्याचा थर आणि वर घट्ट फोमचा पातळ थर, असं चांगला कुशनवाला बनवतो. कॉयरमधून हवा खेळते, आपल्या दमट हवेत हे फार कामाचं आहे.

जो ६५ हजारात "फोम नवा टाकतो" म्हणतोय त्याला एकच प्रश्न विचारा, स्प्रिंग ठेवणार का. तो जर म्हणाला स्प्रिंगची गरज नाही, सगळा फोम भरतो, तर तिथून निघा. मी हे एकदा केलंय. माझ्या आधीच्या गाडीला एका दुकानात सोफ्याचा कापीव फोम भरून घेतला, पहिले दोन महिने काय मऊ, काय मस्त, जो बसेल तो कौतुक करायचा, आणि पावसाळा संपेपर्यंत मधे खड्डा पडला आणि मी लोणावळ्याला पोचेपर्यंत दोनदा गाडी थांबवून उतरायला लागलो. सोफ्यावर आपण हलत असतो, पाय वर घेतो, लोळतो. गाडीत एकाच जागी, एकाच कोनात, आणि खालून सतत थरथर. तो फोम त्यासाठी बनवलेलाच नाही. मेमरी फोम पण नको, आपल्याकडच्या उन्हात तो गरम होऊन अजून ढिला पडतो आणि बाबांना त्यातून उठताना त्रास होईल.

आणि डायमंड शिलाई. तुमची आवड तुमची, पण जिथे जिथे ती चौकटीची शिवण पडते तिथे सुईची भोकं पडतात, घाम आणि धूळ आत जाते, आणि बसायच्या भागावर ती शिवणच आधी तुटते. तुमच्या गाडीच्या मूळ सीटला सरळ उभे पट्टे आहेत, तो साचा जुन्या कव्हरवरूनच निघतो, सीटवाल्याला सांगा जुनं कव्हर फेकायचं नाही, शिवण उसवून तुकडे सपाट करून त्यावरून कटिंग करायचं. चांगला कारागीर हेच करतो, त्याला सांगावं पण लागत नाही.

आता वरचं मटेरियल. तुम्ही लेदर फाटलं म्हणताय, ते खरंच लेदर आहे का ते आधी बघा. मर्सिडीज स्वतःचं एक व्हायनल वापरायची, एमबी-टेक्स नावाचं, आणि ते इतकं चांगलं होतं की हजारो मालक आयुष्यभर त्याला लेदर समजत आले. फाटलेल्या जागी कड उलटी करा, मागे विणलेलं कापड दिसलं तर एमबी-टेक्स, मऊ केसाळ तंतू दिसले तर कातडं. अजून एक खूण, सर्व्हिस बुकासोबत गाडीचं डेटा कार्ड असेल तर त्यावर इंटिरियरचा तीन आकडी कोड असतो, ० ने सुरू होणारा म्हणजे कापड, १ ने म्हणजे एमबी-टेक्स, २ ने म्हणजे लेदर. कोड मिळाला की रंगावरून घरात भांडण होत नाही, जो होता तोच करायचा.

टेक्स असेल तर मी टेक्ससारखंच चांगल्या प्रतीचं व्हायनल लावायला सांगेन, रेक्झिन म्हटलं की लोक नाक मुरडतात पण त्यात पण भरपूर प्रती असतात. तुकडा हातात घेऊन दुमडा, नखाने दाबा, पांढरी रेघ उमटली आणि राहिली तर तो माल दोन वर्षांत तडकणार. पीयू नावाचं जे स्वस्त "लेदर" मिळतं ते आपल्या दमट हवेत सोलतं, घरच्या सोफ्याचं आणि ऑफिसच्या खुर्चीचं काय होतं ते आठवा. खरं लेदर हवं असेल तर धारावीत जाऊन स्वतः निवडा, पण गाडीसाठीचं मागा, साधारण १ ते १.४ मिमी जाडीचं, पर्सचं पातळ कातडं सीटवर टिकत नाही. कातडं स्क्वेअर फुटावर विकतात आणि ते चौकोनी नसतं, कडेचा आणि पोटाकडचा भाग सैल असतो, तो बसायच्या जागी येऊ द्यायचा नाही, हे कटिंगच्या वेळी सांगा, नाहीतर तिथेच सुरकुत्या पडतात.

बाबांसाठी एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. कंबर दुखणारा माणूस गाडीतून उतरताना आधी बसल्या जागी वळतो आणि मग पाय बाहेर काढतो. कापडी सीटवर पँट अडकते, वळताना कंबरेला पीळ पडतो. टेक्स किंवा लेदरवर माणूस सहज सरकतो. मे महिन्यात चटका बसतो हे खरं, पण त्याला एक सुती पंचा पुरतो. रंग फार काळा नको एवढंच.

काम झाल्यावर पैसे पूर्ण द्यायच्या आधी बाबांना सीटवर बसवून गायमुखपर्यंत नेऊन आणा, तिथल्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात तर उत्तमच, सीटची खरी परीक्षा तिथेच होते. आणि मागच्या सीटची नुसती शिवण उसवलीय ना, तिला हात लावू नका, फक्त शिवून घ्या.

प्रश्न : दादा, मी २००७ ची ई-क्लास घेतली सेकंड हँड, डब्ल्यू२११. सीट खराब होत्या म्हणून स्क्रॅपमधून सेट आणून बसवला, वर जाड सीट कव्हर पण घातले. आता डॅशवर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचा, लाल दिवा जात नाही. मेकॅनिक म्हणतो एक रेझिस्टर टाकतो, दिवा बंद होईल. टाकू का? - एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : ताई, अजिबात टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. तुमच्या गाडीत बाजूने धडक बसली तर वाचवणारी एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच आहे, दरवाज्याच्या बाजूला. रेझिस्टर टाकला की कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग आहे, दिवा विझतो, आणि खरी वेळ येईल तेव्हा काहीच उघडणार नाही. दिवा विझवण्यासाठी पैसे मोजून फसवणूक विकत घेण्यासारखं आहे ते.

दिवा का लागलाय याची दोन-तीन कारणं असू शकतात. सीटखाली पिवळा कनेक्टर असतो, तो नीट बसला नसेल, किंवा तो सुटा असताना कुणीतरी चावी ऑन केली असेल, मग फॉल्ट मेमरीत बसतो आणि स्कॅनरने काढल्याशिवाय जात नाही. पॅसेंजर सीटमध्ये माणूस ओळखणारी सेन्सरची चटई असते, स्क्रॅपमधून आणलेल्या सीटमधली तुटलेली पण असू शकते, या गाड्यांत हा नेहमीचा फॉल्ट आहे. आणि तिसरं, देव न करो, स्क्रॅपमधली सीट ज्या गाडीतून आली तिच्या एअरबॅग उघडून गेलेल्या असतील आणि वरून शिवून दिलं असेल. सीटच्या पाठीची दरवाज्याकडची शिवण बघा, मूळ शिवण एकसारखी असते आणि तिथे बहुतेक वेळा एअरबॅगचं छोटं लेबल असतं. धागा वेगळा दिसला तर शंका घ्या.

ती शिवण मुद्दाम अशी असते की एअरबॅग फुगली की तिथेच फाटावी. म्हणूनच तुमचे जाड कव्हर आजच काढा. वरून घट्ट कव्हर असलं तर एअरबॅगला बाहेर यायला वाटच नाही. कव्हर हवेच असतील तर बाजू पूर्ण मोकळी असलेले घ्या, आणि नव्याने शिवून घेत असाल तर एअरबॅगच्या जागची शिवण ज्याला कळते त्याच्याकडूनच.

मर्सिडीजचं झेंट्री स्कॅनर असलेल्या वर्कशॉपमध्ये जा, फॉल्ट वाचून घ्या, प्रिंट मागा. इलेक्ट्रिक सीट असेल तर सीट बदलल्यावर तिला पुढे-मागे-वर-खाली पूर्ण फिरवून नव्याने शिकवावं लागतं, ते पण तिथेच होईल. आणि एअरबॅगवाल्या सीटला हात लावायच्या आधी बॅटरी काढून थांबतात, हे ज्या मेकॅनिकला माहीत नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नका. तुमच्या जुन्या सीट अजून दिल्या नसतील तर कृपा करून देऊ नका. त्यातल्या एअरबॅग तुमच्या गाडीच्या आहेत, त्याच सीट दुरुस्त करून परत बसवणं हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो.

प्रश्न : खारघरला स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी असते, पावसाळ्यात लेदर सीटवर दरवर्षी पांढरी बुरशी येते. आई म्हणते खोबरेल तेल लाव. चालेल का? - एक वाचक, खारघर

उत्तर : तेल नको, आईंना सांगा केसांना चालतं, सीटला नाही. तेल शिलाईत मुरतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांत खवट वास सुटतो. बुरशी कोरड्या ब्रशने झाडू पण नका गाडीच्या आत, सगळीकडे पसरते. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, मग साध्या पाण्याचं, मग कोरडं, आणि ऊन पडलं त्या दिवशी गाडी बाहेर काढून काचा खाली करून दोन तास उभी करा. मग लेदर कंडिशनर, थोडंच.

पण दरवर्षी येतेय म्हणजे आत ओल येतेय. कार्पेट उचलून खाली हात लावा. ओलं लागलं तर सनरूफ असलेल्या गाडीच्या सनरूफचे ड्रेन पाइप आणि काचेच्या खालची जाळी बघा, झाडाची पानं अडकून पाणी आत उतरतं. हे न करता सीट बदलल्या तर पुढच्या गणपतीपर्यंत नव्या सीटवर पण तीच बुरशी. आणि गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर पावसाळ्यात ते बंद करा.

प्रश्न : आमच्या गाडीला १५ वर्षं होतायत, वाशी आरटीओला रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय. सीटचं लेदर बदललंय, प्रॉब्लेम येईल का? मागे दोनच वेगळ्या बकेट सीट टाकायचा पण विचार आहे. - एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : सीटचं कव्हर, लेदर, सीटचा रंग बदलण्याने काही होत नाही. बकेट सीटचा विचार मात्र सोडून द्या. आरसी बुकात सीटिंग कपॅसिटी लिहिलेली असते, ५ ची ४ केलीत तर ती गाडीतला बदल धरली जाते, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. मधल्या माणसाचा बेल्ट पण जातो. रिन्यूअल ५ वर्षांसाठी होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा सगळे बेल्ट ओढून, लॉक होतात का बघून मगच न्या.

प्रश्न : माझ्या डब्ल्यू१२४ च्या मागच्या सीटमधून खड्ड्यात चूं चूं आवाज येतो. सीट बदलावी लागेल का? - एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही हो. मागच्या सीटचा खालचा भाग पुढच्या कडेच्या दोन खिट्ट्या दाबून वर उचलला की निघतो, पाच मिनिटांचं काम आहे. उलटा करा आणि हाताने दाबत जा, कुठली स्प्रिंग कुठल्या तारेला घासतेय ते कानाला लगेच कळेल. गंज असेल तर घासून काढा आणि घासणाऱ्या जागी जाड सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा. ग्रीस लावू नका, ते पॅडला लागतं. सीट बाहेर आहेच तर खालचा पत्रा पण बघून घ्या, तिथे ओल असेल तर आधी ती सुकवा आणि मगच सीट परत बसवा.